तिसऱ्या मोजमापापर्यंत

३ जून, मंगळवार

आज सहा पोरं. मानेवर पेनासारखा प्रोब, मांडीला पट्टा. ठोका मानेपासून मांडीपर्यंत किती वेगाने पोचतो ते मशीन सांगतं. शीर कडक तेवढा वेग जास्त. माझ्या थिसिसला कडकपणाशी देणंघेणं नाही. एकाच माणसाचा आकडा पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा घेतला तर तोच येतो का, एवढंच. उपाशीपोटी या म्हणून शंभरदा सांगितलं, तरी एकजण वडापाव हाणून आला. त्यांतलीच रोहिणी चहा पिऊन आलेली, म्हणे, "चहाने काय होतंय मॅडम?" डोकंच फिरलं. दोघांना रडवलं. बरं वाटलं.

शेवटी चांदवडचा एक. नाव भिकन – या काळात! एकवीस वर्षांचा, आयटीआयला वायरमन शिकतो. पहाटेच्या एसटीने उपाशी आला आणि सांगितलं तसा निपचित पडून राहिला. १०.४ मीटर सेकंदाला. या वयात सहा-सात हवा. पुन्हा मोजलं. १०.४.

१७ जून

रोहिणी ६.१ वरून ७.६. कचरा. भिकन १०.५! दोन आठवड्यांनी! मुका घ्यावा त्या पोराचा.

सरांना विचारलं, आकडा इतका जास्त आहे, त्याला सांगायचं का? सर चहा पीत होते. "सांगितलंस की डॉक्टरकडे पळेल, गोळ्या सुरू होतील, आकडा पडेल. तिसरं होऊ दे, मग सांग. पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

पटलं. खरं तर हेच उत्तर हवं होतं, म्हणून तर गाईडला विचारलं. मेडिसिन विभागातल्या कुणाला नाही.

जाताना भिकन म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर हाय ना? वायर ओढताना हात लय भरून येतो." म्हटलं, आळशी आहेस, व्यायाम कर.

२४ जून

भिकनचा फोन. मान दुखते, येऊन जाऊ का? म्हटलं, एक तारखेलाच यायचं. आणि तोवर डॉक्टर नाही, गोळी नाही, साधी दुखण्यावरचीसुद्धा नाही.

"बरं मॅडम."

गुणाचं पोरगं.

१ जुलै

आला नाही! सात फोन केले. सातवा बहिणीने उचलला – पायल. मी तोंड सोडलं. अक्कल नाही, दुसऱ्याच्या कष्टाची किंमत नाही, काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादाला काल तुमच्याच दवाखान्यात आणलंय. बोलता येत नाय त्याला."

२ जुलै

मशीन घेऊन वॉर्डात गेले. हो, गेले. पायलला वाटलं तपासायला आलेय. उठून स्टूल दिलं.

उजवा हात लुळा, तोंड वाकडं. मानेतली डावी शीर आतून सुजून बंद झालीय. वॉर्डातला रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, महिनाभर आधी कुणी पकडलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं. मी मान डोलावली. प्रोब उजव्या बाजूला लावला.

भिकनने मला ओळखलं. निपचित पडून राहिला, मोजमाप बिघडू नये म्हणून.

९.२. औषधं सुरू आहेत. तिसरं मोजमाप बाद.



५ जुलै

पायल संमतीपत्राची प्रत घेऊन आली. त्यात मीच टाइप केलेलं – काही वावगं आढळल्यास लगेच कळवू. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "याच्याखाली सही तुमचीच ना?"

हो म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ जुलै

सरांनी चौकशी समितीला लिहून दिलं, 'विद्यार्थिनीने मला आकडे दाखवलेच नाहीत.' सर काय बोलले ते फक्त या वहीत आहे. उद्या अकराला मला बोलावलंय. समितीपुढे ठेवायला म्हणून सतरा जूनचं पान फाडायला घेतलं. त्याच्याच पाठीमागे चोवीस जून आहे.