माझ्याच नावाचा गंज

शेलूबाजार,
सोमवार

प्रिय मित्र उदयसिंगभाऊ यांस,

शेलूबाजारहून जानराव संपत पडघान याचा सप्रेम जयभीम. तुझ्या वाटचा जय सेवालालही मीच इथून म्हणून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुला तो म्हणायची उसंत मिळेल असं वाटत नाही. तुझा गुडघा कसा आहे? गोमतीवहिनींची साखर आटोक्यात आहे ना? नातवंडं, म्हशी आणि तुझी ती धुराची मोटारसायकल, सगळ्यांची खुशाली कळव. आमच्याकडे भागिरथा मजेत आहे. माझं विचारशील तर मी जिवंत आहे, आणि हे वाक्य मी सहज म्हणून लिहिलेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. भाऊ, आमच्या घरात फोन स्पीकरवर चालतो, कारण भागिरथाला एका कानानं कमी ऐकू येतं (जे ऐकू येऊ नये ते मात्र दोन्ही कानांनी येतं). तुझा फोन गोमतीवहिनी उचलतात, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट चहाला उकळी फुटायच्या आत भागिरथाकडे परत येते. म्हणून हे पत्र मानोऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. एकटा बसून वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

महिनाभर झाला, विहाराच्या पायऱ्या चढताना छातीवर कोणी गुडघा टेकवल्यासारखं होतं. आधी वाटलं वांग्याची भाजी बाधली. वांगी सोडली, तरी तेच. म्हणून आठ दिवसांमागच्या रविवारी घरी बाजाराचं नाव सांगून वाशीमला डॉक्टरकडे गेलो. त्यानं छातीला चिमटे लावून पट्टी काढली, ती वरून खालून पाहिली आणि सांगितलं की अकोल्याला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, मनगटातून नळी घालून हृदयापर्यंत पाहतात, उशीर करू नका. मी "पाहतो" म्हणालो. तुला माहीत आहे, कंडक्टरकीत मी कोणाला भ्यालो नाही. दारुड्याला नाही, पुढाऱ्याच्या मेव्हण्याला नाही. पण ती नळी मनगटातून शिरून आत कोणत्या कोणत्या वळणांनी जाणार, या विचारानं मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. भागिरथाला मी काही सांगितलं नाही. तिला सांगितलं की ते खरं होईल, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

बाकीची माणसं घाबरली की देवळात जाऊन बसतात. आपल्याला ती सोय नाही. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी मुलगा, विहारात अंधश्रद्धेवर बोलायला उभा राहिलो की लोक चपला शोधायला लागतात, तो मी.) म्हणून मी तिथून वाशीमच्याच जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. तू या बाजाराला कधी आला नाहीस, ते बरंच केलंस. रविवारी ताडपत्र्या अंथरतात आणि त्यावर दुनियेनं टाकलेलं सगळं येऊन बसतं: पंखे, नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, कोणाची तरी एकच कुबडी. निवृत्त झाल्यापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. आमच्या घरात टीव्ही एक आणि रिमोट सात आहेत. झाकण नसलेला कुकर एका रविवारी घेतला, दुसऱ्या रविवारी झाकण घेतलं, आता ते दोघं एकमेकांकडे बघत माळ्यावर बसले आहेत. भागिरथा म्हणते, "सरकारनं तुमाले घरी बसवलं आन् तुमी भंगार घरी बसवून राह्यले." पण भाऊ, पाडून घेतलेल्या भावाची झोप फार गाढ लागते, हे तिला कोण समजावणार.

भाव पाडायचा माझा एक नियम आहे. जी वस्तू पाहिजे तिच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या वस्तूकडे बघायचं. ही सगळी आफत त्या नियमामुळे आली. फुलसिंग नावाच्या माणसाच्या ताडपत्रीवर (तुझ्या नात्यातला नसावा अशी आशा करतो) भात शिजवायचा एक मोठा स्टीलचा गंज दिसला. जाड, वजनदार, चाळीस माणसांचा भात निघेल एवढा. घरात आम्ही माणसं दोन. पण छातीत धडधड होती आणि हातांना काहीतरी जड धरायला पाहिजे होतं. मी शेजारच्या कंदिलाकडे बघत गंजाचा भाव विचारला, त्याच्या निम्म्याला मागितला, आणि फुलसिंग लगेच म्हणाला, "घेऊन जा." दुकानदार एका दमात हो म्हणाला की भल्या माणसानं तिथून पळावं. मीही पळालो, पण गंज घेऊन.

परतताना पवनच्या जीपमध्ये बसलो, गंज मांडीवर पालथा. समोर आमच्या आळीतल्या तुळसाबाई होत्या. त्यांनी गंजाकडे बोट दाखवून विचारलं, "जानरावभाऊ, याच्यावर नाव कोणाचं टाकेल हाय?" माझा चष्मा घरी होता. शेजारी कॉलेजची एक पोरगी होती, तिनं वाकून मोठ्यानं वाचलं: "कालकथित जानराव... स... पडघान यांच्या स्मरणार्थ." मधल्या नावावर पोचा होता, त्यामुळे 'स'च्या पुढचं गेलेलं. खाली 'दिनांक' एवढंच दिसत होतं, तारखेवरही पोचा. शेलूबाजारची जीप इतकी गप्प झालेली मी जन्मात पाहिली नाही. तुळसाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं आणि पोरीला म्हणाल्या, "मंग हे कोण बसेल हाय?" पवन भाडं नेहमी उतरताना घेतो. त्या दिवशी त्यानं चालत्या गाडीतून मागे हात केला.

"काका, भाडं आधीच देऊन द्या."

"काहून रे?"

"नाई, असंच."

घरी आलो तेव्हा भागिरथा शेजारी गेलेली होती. चष्मा लावून वाचलं. पोरीनं एकही अक्षर चुकवलं नव्हतं. माझं नाव जानराव, आडनाव पडघान, बापाचं नाव 'स'नं सुरू होतं. मी गंज कोठीत नेऊन पोत्याखाली झाकला. भाऊ, मी शकुन-अपशकुन मानत नाही. त्या आठवड्यात मी हे वाक्य कोठीच्या दारात उभं राहून बऱ्याच वेळा म्हटलं, म्हणजे आत कोणी असलं तर त्यालाही माहीत असावं. मांजर पोत्यावरून गेली आणि गंज वाजला, तर माझ्या हातातला चहा धोतरावर. जेवण जाईना. भागिरथानं विचारलं तर म्हणालो, वांगी सोडल्यापासून चव गेली. बुधवारी विहारात मला बोलायचं होतं, विषय महिन्याभरापूर्वीच ठरलेला: 'भीती हे अज्ञानाचं लेकरू.' मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि पाणी मागून खाली बसलो. लोकांना ते भाषण फार आवडलं.

सगळ्यात वाईट म्हणजे ती तारीख. पोच्यावरून मी बोट फिरवून बघायचो. कधी वाटायचं आतला आकडा लागतो आहे, की लगेच हात काढून घ्यायचो. असलं भांडं भंगारात द्यावं, तर भंगारवाला आधी नाव वाचणार आणि मग गावभर सांगणार. विहाराला द्यावं, तर तिथे वाचता येणारी माणसं जास्त. शेवटी कालच्या रविवारी गंज पोत्यात बांधून वाशीमला नेला आणि भांड्यांवर नावं टाकणाऱ्याला विचारलं, हे पुसता येईल का. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. "मिटत नाई काका. जास्त घासलं तं भोक पडते. पाह्यजे तं पुढं 'यांस सप्रेम भेट' टाकून देतो." मी मनातल्या मनात पूर्ण वाक्य वाचून पाहिलं आणि गंज उचलला.

मग फुलसिंगला गाठलं. तो काही लपवणारा माणूस नाही. ज्या घरून माल उचलला ते घर त्यानं बोट दाखवून सांगितलं, बाजाराच्या मागच्याच आळीत. मी दारात उभा राहिलो तेव्हा छाती अशी वाजत होती की दार वाजवायची गरज नव्हती. धम्मदीपा नावाच्या सुनेनं दार उघडलं. मी पोतं सोडून गंज दाखवला आणि माझं नाव सांगितलं. ती दोन पावलं मागे सरकली. (त्या आठवड्यात माझ्या नावाला मी सोडून कोणी घाबरलं, तर ती एकटीच.) मग हसली, मला आत बसवलं, चहा केला. तिचे सासरे जानराव सटवाजी पडघान. नव्वदीच्या पुढचे. पोटभर भाकरी-ठेचा खाऊन दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. दवाखान्याची पायरी जन्मात चढले नाहीत. पुण्यानुमोदनाला विहारांना द्यायला म्हणून घरच्यांनी गंज केले, ते जास्तीचे झाले, आणि हा हातातून पडून पोचला म्हणून फुलसिंगला देऊन टाकला. "तुमी आले तं घरात लय दिवसानं जानराव नाव निघालं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हणालो, चांगला जाड पत्रा आहे.

निघताना तिनं आतून आणखी एक गंज आणला. नवा, बिनपोच्याचा, तेच नाव. "घेऊन जा बाबा, तुमच्याच नावाचा हाय, दुसऱ्या कोणाच्या कामाचा?" उदयसिंगभाऊ, नाही म्हणायला पाहिजे होतं. माझ्या जिभेवर नाही होतं. पण फुकट म्हटल्यावर हात आपोआप पुढे झाले. त्यात तारीख स्पष्ट होती, दोन वर्षांपूर्वीची. मी ती तिथेच दारात उभं राहून दोनदा वाचली. इतकं हायसं वाटलं की रस्त्यात एका अनोळखी माणसाला जयभीम केला.

आळीच्या टोकापर्यंत हायसं वाटलं. तिथे थोडा चढ आहे. दोन्ही हातांत दोन गंज, आणि छातीवर तो गुडघा पुन्हा येऊन टेकला. मी एका ओट्यावर बसलो. आठवडाभर मी त्या गंजाला भीत होतो, आणि खरं सांगू, त्यात मला बरं वाटत होतं, कारण गंज पोत्याखाली झाकता येतो. आता तर कळलं की तो जानराव दुसराच. म्हणजे भिण्यासाठी माझ्याजवळ माझी छाती तेवढी उरली. मला फार भीती वाटते आहे, भाऊ. घाम पुसला, बराच वेळ तिथे बसलो आणि मग मिळेल त्या जीपनं घरी आलो.

घरी भागिरथा दारातच. दोन गंज लपवायला माझ्याकडे कोठी होती, वेळ नव्हता. तिनं एक हातात घेतला, नाव वाचलं, दुसरा घेतला, तेही वाचलं. मग पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "चला, तुमच्या कार्यक्रमाची भांडी तं झाली. आता निस्ता तांदूळ घ्याचा राह्यला." एरवी अशा बोलण्यावर मी सवाई बोललो असतो. काल मला हसूच आलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि पायांकडे बघत राहिलो. तिचं हसणं थांबलं. तिनं गंज खाली ठेवला, मला पाणी आणून दिलं.

असो. भुताखेताचा, नावाचा, तारखेचा विषय संपला. माझ्या मनात आता त्या गंजाबद्दल काहीही नाही. मुलाबाळांना आशीर्वाद, गोमतीवहिनींना नमस्कार.

तुझा,
जानराव

ता. क. पत्राबरोबर ड्रायव्हरनं तुला दोन गंज दिले असतील. तांड्यावर लग्नकार्याला उपयोगी पडतील. परत पाठवू नकोस. इकडे येताना घेऊनही येऊ नकोस.

ता. क. खरं काम राहूनच गेलं. येत्या गुरुवारी मी अकोल्याला जातो आहे. तू बरोबर ये. मात्र घरी मी सांगितलं आहे की छाती तुझी दुखते, नळी तुझ्या मनगटातून जाणार आहे, आणि मी केवळ सोबत जातो आहे. तेव्हा भागिरथाचा फोन आला तर जरा कण्हून बोल. (आधी थोडा खोकलास तर आणखी बरं.) गोमतीवहिनींना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण त्यांनी इकडे फोन करता कामा नये. दुसऱ्या कोणाला विचारता आलं असतं, पण मला तूच पाहिजेस. इतकी वर्षं मी पुढच्या काचेकडे पाठ करून तिकिटं फाडली. पुढे नाला आहे की घाट आहे की समोरून ट्रक येतो आहे, एकदा वळून पाहिलं नाही, कारण चाकावर तू होतास. गुरुवारी तू फक्त खोलीच्या बाहेर बस. मला तेवढं पुरेल.

ता. क. पाकीट चिकटवायला डिंक मागायला आत गेलो होतो. भागिरथानं पिशवी भरून ठेवली आहे. म्हणाली, "उदयसिंगभाऊ भरती झाले तं दोन दिवस लागतीन." मी वरवर पाहिलं. वर माझी लुंगी आहे, माझे दोन बनियन आहेत, माझी दाढीची पेटी आहे. खाली तिची एक साडी आहे. मी पिशवीचं तोंड परत बांधलं, ती भाजी निवडत बसली आहे. कण्हायचं राहू दे. तीन तिकिटं काढावी लागतील, तू फक्त वेळेवर ये.