बांधामागचा ओढा

बक्केदाल मळा, विस्कॉन्सिन
१८ मार्च १९७४

ती. हाल्व्हरदादास,

सिग्नेचा शि. सा. न. वि. वि. यातली विनंती यावेळी नेहमीपेक्षा मोठी आहे, तेव्हा आधी कॉफी ओतून घे आणि मग वाच.

इकडे सर्व ठीक. बर्फ वितळतोय, अंगणात घोट्याएवढा चिखल आहे आणि गायी गोठ्याबाहेर पडायला उतावीळ झाल्यात. मॉरीनवहिनींच्या डोळ्यांचं काय ठरलं, ते तू मागच्या पत्रात लिहिलंच नाहीस. तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नको, हे कबूल. पण मग पत्रात तरी सगळं येऊ दे.

मी गावच्या ट्राउट मंडळात नाव घातलंय. हसू नकोस. त्यांच्या सभेला रुबार्बचा गोड पाय भाजून घेऊन गेले आणि सभासद होऊन परत आले. ही माणसं आपल्या ओढ्यावर वर्षभर खपतात. काठाला कुंपण घालून गुरं पाण्याबाहेर ठेवतात, ढासळलेल्या कडेला दगड रचतात, विलोची रोपं लावतात. आणि एवढं करून मासा धरला की हलकेच सोडून देतात. हा खेळ मला अजून कळलेला नाही. अध्यक्ष मर्ल हाउगेन, आपला न्हावी. तो वस्तरा गळ्यावर ठेवून ट्राउटबद्दल बोलतो, त्यामुळे त्याला नाही म्हणणारं कुणी भेटत नाही.

मर्लचं म्हणणं असं की ओढ्यातला मूळचा ट्राउट, तो शेंदरी पोटाचा आणि परांना पांढरी किनार असलेला, आता फक्त आपल्या तळ्याच्या वर, झऱ्यांपाशी उरलाय. बाबांच्या बांधामागे पाणी साचून तापतं. ते कोमट पाणी खाली गेलं की थंड पाण्याचा मासा तिथे जगत नाही. ज्या गिरणीसाठी बांध घातला ती तर कधीच बंद पडली. परवानगी आणि यंत्रं यांचं मंडळ बघेल. पण बांध तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर आहे. काढायला माझी हरकत नाही. तुझं कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहो, हे पत्र वाचून झाल्यावरसुद्धा.

तुझी,
सिग्ने

ओरेगन
४ एप्रिल १९७४

चि. सिग्नेस,

अ. उ. आ., त्यांतला एखादा तूर्त राखून ठेवला आहे.

मॉरीनच्या डोळ्यांचं ऑपरेशन शरदात करायचं ठरतंय. तिला शिवणाची सुई दिसत नाही, माझे दोष मात्र स्वच्छ दिसतात.

आता तुझी विनंती. मी आयुष्यभर धरणं बांधली. सुरुंगांच्या आवाजांनी कान गेले, त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने मला बापाचा बांध फोडायला सांगावं? बाबांनी तो दोन घोडे आणि एक लोखंडी खोरं घेऊन उभा केला, तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. त्यांचं कोठार जळालं, गिरणीचं छप्पर बसलं. त्यांच्या हातचं आता दुसरं काय उभं आहे, सांग. आपण पोहायला त्या तळ्यात शिकलो. बर्फावर घसरून तू पुढचा दात पाडून घेतलास, तोही तिथेच.

मर्लला म्हणावं, तू केस काप. माझी सही मिळणार नाही.

गायींना लवकर बाहेर सोडू नकोस, जमीन ओली आहे. माया कमी झालेली नाही, एवढं समजून अस.

तुझा दादा,
हाल्व्हर

बक्केदाल मळा
२९ जुलै १९७४

ती. दादास,

शि. सा. न. (कडक उन्हामुळे आणि थोड्या रागामुळे तोही आखडता.)

तू नाही म्हणालास, ते मी मंडळाला सांगितलं. मर्ल एवढंच म्हणाला की बापाचं काम आहे, भावाला जड जाणारच. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

यंदा उन्हाळा वाईट आहे. परवा बांधाखाली मंडळींबरोबर मेलेले मासे गोळा केले. खालच्या अंगाला एक थंड झिरपा आहे, त्याच्या तोंडाशी वरून वाहून आलेले काही जिवंत ट्राउट एकमेकांना खेटून उभे होते. आम्ही ते बादल्यांतून वर झऱ्यांपाशी नेले. माझ्या बादलीतला एक वाटेतच उलटा झाला. मी त्याला पाण्यात धरून बराच वेळ बसले, तेव्हा हातातून निसटून गेला. तो खेळ मला आता थोडा कळायला लागलाय.

बाकी विशेष नाही. बांधाच्या पायथ्याशी, त्या जुन्या विलोच्या खुंटाजवळ, गवत मात्र एवढ्या उन्हात हिरवंगार आहे. तिथून पाणी पाझरतं, दूध घातलेल्या चहासारखं. बांधाखाली राहणाऱ्या आर्डिसच्या बदकांना ते डबकं फार आवडलंय. तिला मुलगी झाली, हे लिहिलं होतं ना?

उत्तर आलं तर बरं, नाही आलं तरी लोभ आहेच.

सिग्ने

तार
२ ऑगस्ट १९७४

पाझर गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहते आहे. आर्डिसच्या कुटुंबाला लगेच घराबाहेर काढ. भोक बुजवू नका. मॉरीन फोन करते आहे. हाल्व्हर.

बक्केदाल मळा
६ ऑगस्ट १९७४

ती. दादास,

सिग्नेचा शि. सा. न., आणि यावेळी तो पुरा आहे.

सर्व जण सुखरूप. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तार वाचते आहे तोच वहिनींचा फोन. तू मागून ओरडत होतास आणि त्या मला सांगत होत्या. मधे मधे तू जे बोललास ते त्यांनी गाळलं, असा मला संशय आहे. मी तशीच खाली आर्डिसच्या घरी पळाले. ती बाळाला अंघोळ घालत होती. म्हणाली, पाणी तर रोजच्यासारखंच दिसतंय. मी म्हटलं, बाई, माझा भाऊ बाकी कशातही चुकेल, पाण्यात चुकायचा नाही. बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि सगळ्यांना वर आपल्या घरी आणलं.

मग मर्लला फोन केला. त्याच्या खुर्चीत बँकेचे साहेब बसले होते. त्यांचे अर्धे केस कापून झाले होते. त्यांनाही तसंच गाडीत घालून आणलं. मंडळातले जे जे हाताला लागले ते आले. प्रत्येकाला भोक बुजवायची घाई. मी आडवी उभी राहिले. तू सांगितलंस तसं, पाणी येऊ द्यायचं पण माती अडवायची, म्हणून आधी वाळू पसरली आणि वर खडी. ट्राउटने अंडी घालावीत म्हणून मंडळाने वर्गणीतून आणलेली धुतलेली खडी होती ती. मर्लने पहिलं घमेलं स्वतः ओतलं. तिकडे सांडव्याच्या फळ्या एकेक करून काढल्या, मधे थांबत थांबत, म्हणजे आतली बाजू ढासळू नये. मधेच बांधाच्या माथ्यावर भेग दिसली. मी तुझं नाव घेत होते, प्रार्थना म्हणून की शिवी म्हणून, ते विचारू नकोस.

संध्याकाळपर्यंत तळं उतरलं आणि पाझर स्वच्छ झाला. आर्डिसच्या घरची मंडळी अजून माझ्याकडेच आहेत. बाळ रात्री रडतं, मला त्याचं काही वाटत नाही.

मर्ल सहीबद्दल एक शब्द बोललेला नाही. मीही बोलत नाही. आभार मात्र घ्यावेत, आणि वहिनींचा घसा कसा आहे ते कळवावं.

तुझी,
सिग्ने

ओरेगन
१५ ऑगस्ट १९७४

चि. सिग्नेस,

अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेला धरून.

तू विचारलं नाहीस, म्हणून मीच लिहितो. सही केलेला कागद सोबत आहे.

तो विलोचा खुंट आतून कुजला असणार आणि मुळांच्या जागी पोकळी झाली असणार. बाबांचा त्यात दोष नाही. पण त्यांच्या बांधाने ते बाळ नेलं असतं, तर बाबांची आठवण गावाने कशी काढली असती, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मॉरीन म्हणाली, बांध म्हणजे तुमचे बाबा नव्हेत. मी तिला म्हटलं, पुन्हा मोठ्याने सांग. ते मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं, पण मी तिला तीन वेळा सांगायला लावलं.

ऑपरेशनमुळे मला निघता येत नाही. पाणी कसं उतरवायचं आणि माती कुठून कशी काढायची, याचे नकाशे काढून पाठवतो. मर्लने त्यातली एक रेघही स्वतःच्या डोक्याने बदलू नये. सही करताना हात थांबला होता. हे तुझ्यापाशीच राहू दे.

तुझा,
हाल्व्हर

बक्केदाल मळा
११ मे १९७५

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

वहिनींना सुई ओवता येते हे वाचून फार आनंद झाला.

गेल्या शरदात बांध काढला तेव्हा मी तुला पुरतं खरं लिहिलं नव्हतं. तळ्याच्या जागी काळा चिखल पसरला होता आणि त्याला घाण येत होती. चर्चमध्ये दोन बायकांनी मला विचारलं की आता आमची मुलं स्केटिंग कुठे करणार. मी घरी येऊन रडले. आपण बाबांचं सुंदर काही मोडलं आणि हातात घाण राहिली, असं वाटलं. मंडळाने चिखलावर ओट पेरला, मी उगाच हो हो करत राहिले.

आता ऐक. वसंतातल्या पाण्याने ओढ्याने स्वतःच आपली जुनी वाट शोधली. चिखल कापत कापत खाली गेला आणि तळाशी स्वच्छ खडीचं पात्र निघालं. एका वळणावर सपाट दगड वर आलाय आणि त्याच्या कुशीतून झरा उसळतोय, हात बधिर होईल इतका थंड. बाबा सांगायचे ना, नॉर्वेहून आल्यावर त्यांची आई एका झऱ्याकाठच्या दगडावर कपडे धुवायची आणि दुधाची बरणी त्या पाण्यात ठेवायची? तळ्यातून तो दगड कधी दिसला नाही, म्हणून तू म्हणायचास की बाबा रचून सांगतात. दगड आहे, दादा. वरून झिजून गुळगुळीत झालाय. मी त्यावर बसून आले.

बाबा लहानपणी ज्या ओढ्यात खेळले तो आपण दोघांनी कधी पाहिलाच नव्हता. मला एकटीला पाहवत नाही. ये.

लोभाची विनंती यावेळी करत नाही, येण्याची करते.

सिग्ने

बक्केदाल मळा
२६ ऑक्टोबर १९७५

ती. सौ. मॉरीनवहिनींस,

सिग्नेचा सा. न. वि. वि.

दादा सुखरूप पोचला. पत्र तो लिहिणार होता, पण तो घरात सापडत नाही, म्हणून मी लिहिते.

पहिल्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन बांधाच्या जागी गेला आणि मर्लने त्याच्या नकाशाप्रमाणे उतार ठेवला नाही म्हणून भांडला. मर्लने त्याला खुर्चीत बसवून दाढी करत करत उत्तर दिलं. उठताना दादा मंडळाचा सभासद झाला होता.

काल सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. तळ्याच्या जागी गवत आणि पोरसवदा विलो आहेत, मधून ओढा वाहतो. झऱ्याच्या जरा खाली खडीत पांढरट, धुतल्यासारखा गोल दिसला. जवळ गेले तर ट्राउटची मादी आडवी होऊन शेपटीने खडी साफ करत होती. शेजारी नर, त्याचं पोट अगदी विझत आलेल्या निखाऱ्यासारखं. वरच्या झऱ्यांच्या इतक्या खाली हा मासा अंडी घालतोय, हे गावातल्या कुणी आजवर पाहिलं नव्हतं. मी दादाच्या बाहीला धरून ओढलं. तो गुडघे दुखत असताना खाली बसला, मग पोटावर पडला, चांगल्या कोटासकट. मंडळातली मंडळी आली, तेव्हा त्याने मागे न बघता हात वर करून सगळ्यांना लांबच थोपवलं. बँकेचे साहेबही निमूट थांबले.

आजही तो तिथेच आहे. आर्डिस त्याला तिथेच जेवण नेऊन देते, तिची मुलगी त्याच्या टोपीशी खेळते. परतीच्या गाडीचं काय, असं मी त्याला मोठ्याने विचारलं. तो म्हणाला की मासा अजून खडीवर आहे, मधेच कसं जायचं. त्यापेक्षा मॉरीनला इकडे बोलाव, तिला आता लांबचंही स्वच्छ दिसतं.

तेव्हा वहिनी, गरम मोजे आणि उंच बूट घेऊन निघा. स्टेशनवर मर्ल गाडी घेऊन येईल. वाटेत तो काय बोलेल ते मनावर घेऊ नका. खोली झाडून ठेवली आहे, लोभ दारातच उभा आहे.

तुमची,
सिग्ने