साहेबांच्या तारेवरचं करवतकाठी लुगडं

कोराडी, गुरुवार, १६ फेब्रुवारी १९७८

काहून बोललो मी तसं?

विणकामावर पोट भरेना, म्हणून उमरेडचा हातमाग मोडीत काढला. बाबांना इथं माझ्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आणून आठच दिवस झाले. आज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला निघालो, तर आमच्या साहेबांच्या अंगणात तारेवर एक करवतकाठी लुगडं वाळत होतं. बाबा सरळ फाटक उघडून आत गेले आणि काठ चिमटीत धरून चोळून पाहू लागले. विणकराची खोड, दुसरं काय! साहेबांच्या पत्नी ‘चोर, चोर’ ओरडल्या.

बाबा हसून म्हणाले, "बाई, हे लुगडं म्याच विणलं जी."

तेवढ्यात साहेबही बाहेर आले. माझी नोकरी अजून पक्की नाही. मी हात जोडले. "माफ करा साहेब, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही."

म्हातारा म्हणालो. माझे वडील आहेत, एवढंही सांगितलं नाही.

 जेवताना बाबा म्हणाले, "तुले तो काठ वळखू नाही आला का गा?"

"नाही," म्हणालो.

खोटं. फाटकातूनच ओळखला होता. त्या काठाच्या सुताच्या कांड्या बाबांच्या मागाशेजारी बसून मीच भरल्या होत्या.