तोंडातली गाठी

दारव्हा, रविवार

आदरणीय इंदुताई,

शंकरसिंगचा जय सेवालाल. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते आधी कळवा. पंचायत समितीच्या एका खोलीत तुम्ही टायपिंगला आणि मी आवक-जावकला अशी बावीस वर्षं काढली, म्हणून दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हालाच हे लिहितो.

आमच्या बबिताचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. याडीनं (म्हणजे माझ्या आईनं, रुक्माबाईनं, शहाऐंशी पूर्ण झाली) हट्ट धरला की पोरीनं निघताना ढावलो म्हटलाच पाहिजे. ढावलो म्हणजे सासरी जाणाऱ्या मुलीनं रडत म्हणायचं गाणं. बबिता यवतमाळला नर्स आहे, तिला तो येत नाही. याडीला येतो, पण मधलं कडवं ती विसरली. बबिता म्हणाली, मी नुसतीच रडते. त्यावर याडी म्हणाली, "नुसतं कायले रडतं? रडायचं तं नीट शब्दात रडाव."

चाळीस वर्षांपूर्वी धावजी गुरुजींनी याडीकडून गाणी लिहून घेऊन ‘तांड्यातली गाणी’ नावाचं लहानसं पुस्तक छापलं होतं. त्याची एक प्रत आमच्या वाचनालयात होती. याडीला रिक्षात घालून गेलो. ग्रंथपाल उज्ज्वलाताई म्हणाल्या की आता सूची ऑनलाइन झाली आहे, आधी तिथून नंबर आणा, मग कपाट उघडते. मी नाव टाकलं. शून्य निकाल. (मॅट्रिकलासुद्धा माझा एवढा वाईट लागला नव्हता.) ‘तांडा’ टाकलं तर तंटामुक्तीची चार पुस्तकं आली. ‘ढावलो’वर ढोबळी मिरचीची लागवड आली. ‘रुक्माबाई’ ऱ्हस्व लिहून पाहिलं, दीर्घ लिहून पाहिलं, त्या यंत्राला आमची याडी दोन्ही प्रकारे अमान्य. ताई, एक उकार चुकला तर जवळचं नाव सुचवायला काय हरकत आहे? मुखपृष्ठाचा फोटो टाकायला, कोणतं कपाट ते सांगायला काय जातं? उज्ज्वलाताई शांतपणे म्हणाल्या, "काका, मशीनमध्ये नाही म्हन्जे आमच्याकडे नाही."

एवढ्यात आतून याडीची हाक आली. ती बाकावरून उठून कधी आत गेली ते आम्हाला कळलंच नाही. साफसफाईसाठी उघड्या ठेवलेल्या कपाटासमोर ती उभी होती आणि तिच्या हातात पुस्तक होतं. तिला अक्षर येत नाही, पण गुरुजींनी मुखपृष्ठावर काढलेल्या बैलाला एकच शिंग होतं, ते तिच्या लक्षात होतं. "हे काय, इथंच तं आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं त्या डब्यात काय शोधून राह्यले?"

पुस्तकावरचा दाखल क्रमांक यंत्रात घातला तेव्हा नोंद सापडली. नाव: ‘तोंडातली गाठी’. लेखक: भाऊजी गुरुजी. विभाग: वैद्यक. माझं डोकं असं फिरलं की अभिप्राय वहीत पानभर लिहिलं. ज्या माणसानं हे टाइप केलं त्याला मराठी येत नाही, लाज त्याहून नाही, त्याचं नाव फलकावर लावा, असं ठणकावून सही केली.

संध्याकाळी बबितानं ते कडवं मोठ्यानं वाचलं. आईनं मुलीच्या ओढणीला बांधलेली ज्वारी वाटेत सांडत जाते, असं काहीसं आहे ते. याडीनं डोळे मिटून पुढच्या सगळ्या ओळी म्हटल्या, आणि मुहूर्ताला तीन आठवडे असताना बबिता रडायला लागली, तेही अगदी नीट शब्दात. मी उठून गोठ्यात गेलो. म्हशीला काही विचारायचं होतं.

तुमच्या यजमानांना नमस्कार. लग्नाला यायचंच आहे.

आपला,
शंकरसिंग

ता.क. वाचनालयाच्या समितीनं माझी सूचना एकमतानं मान्य केली. येत्या शनिवारी नाव लागणार आहे.

ता.क. २. काल उज्ज्वलाताईंनी नोंदींचं जुनं रजिस्टर काढलं. टाळेबंदीनंतर वाचनालयानं निवृत्त मंडळींना टायपिंगसाठी बोलावलं होतं. त्यातल्या नऊशे पुस्तकांपुढे ‘शं. रा.’ अशी सही आहे. त्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण घरी बसवत नव्हतं. ‘शं. रा.’ कोण, हे उज्ज्वलाताई अजून शोधताहेत. मीही मदत करतोय.

ता.क. ३. ताई, पत्र मिळताच पहिल्या जीपनं कळंबहून निघा. शनिवारच्या आत नऊशे नोंदी दुरुस्त करायच्या आहेत. तुम्ही टाइप करा, मी फक्त वाचून दाखवीन.