शिळे ठरवलेले त्रेसष्ट नमुने

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
रुग्णालय कार्यालय, पहिला मजला.

विषय: मार खाल्लेल्या शिपायास कामावर परत घेणे व त्रेसष्ट रुग्णांना आजच बोलावणे, याबाबत.
संदर्भ: मारहाणीबद्दल मला बजावलेली आपली नोटीस.

महोदय,

१. रक्ताचे नमुने आणणाऱ्या शिपायास मी का मारले, असा खुलासा आपण मागितला आहे. रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राचे लोखंडी झाकण मी त्याच्या तोंडावर चार वेळा घातले. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात फरशीवर पडले. तो ‘दादा, ऐका तर’ म्हणत होता, म्हणून पाचवा घाव बोलत्या तोंडावरच घातला.

२. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात ते निरोप. कर्करोगाची गाठ हे निरोप स्वतःच्या वाढीसाठी राबवून घेते आणि रक्तातला इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनचा आकडा चढतो. एवढ्याने रोग सिद्ध होत नाही, पण पुढे शोध घ्यावाच लागतो. अडचण अशी, की रक्त नुसते पडून राहिले तरीही आकडा चढतो. सदर शिपाई जिन्यात गप्पा छाटत बसे आणि नमुने खिडकीत तापत. त्याला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी मी शिक्काच करून घेतला: ‘नमुना शिळा, आकडा ग्राह्य नाही.’ पुढे पुढे आकडा चढलेला दिसला, की वेळ न बघताच मी शिक्का मारत गेलो.

३. माझ्या बायकोचे पोट फुगत होते. नळीवर नाव नसते, क्रमांक असतो. तिच्या अहवालावरही मीच शिक्का मारला. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पोट फाडले, तर अंडाशयातली गाठ आतड्यांवर आणि यकृतावर पसरलेली होती. फाडले तसेच शिवले. मी तिथून थेट प्रयोगशाळेत आलो आणि झाकण उचलले.

४. चौकशीत मला नोंदवही दाखवण्यात आली. माझ्या बायकोच्या क्रमांकापुढे नोंद होती: रक्त काढले दहा वाजून दहा मिनिटांनी, पोचले दहा एकवीसला. पोचल्याची वेळ माझ्याच अक्षरात आहे. जबडा तारेने बांधलेला असल्याने शिपायाने जबाब लिहून दिला आहे: ‘वहिनींचं रक्त होतं, म्हणून पळत आणलं.’

५. सबब, नमुने उशिरा आणल्याच्या माझ्या तक्रारीवरून झालेले त्याचे निलंबन रद्द करावे व माझ्यावर फौजदारी खटला भरावा. मी बचाव करणार नाही. परंतु वर्षभरात मी असे आणखी त्रेसष्ट आकडे वेळ न बघता मारून टाकले आहेत, त्यांची यादी जोडली आहे. कृपया फाइल टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत थांबू नये, आजच फोन करावेत. ‘काही निघालं नाही’ असे या लोकांनी घरी सांगितले असेल. माझ्या बायकोने मला स्वयंपाकघरातून हसत सांगितले होते.

आपल्या शिक्षेस पात्र,
(सही)
प्रयोगशाळा तंत्रज्ञ, निलंबित
दि. ११

सोबत: त्रेसष्ट क्रमांकांची यादी. माझ्या पत्नीचा क्रमांक त्यातून वगळला आहे.