अडतील तेव्हा विचारतील

१ ऑगस्ट, सकाळी ६.४०
काल रिटायर झालो. एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. निरोप समारंभ अकरा मिनिटांत उरकला. साहेब म्हणाले, आता आपलं स्टोअर आधुनिक होणार. म्हणजे आजवर मी तिथे गुहेत बसून दगड मोजत होतो! माझ्या जागी आलेली बाई शेजारीच उभी होती, लॅपटॉप पोटाशी धरून. कानामागून आली आणि तिखट झाली. तिचं नाव मी संगणकबाई ठेवलं आहे.

तिने किल्ल्या मागितल्या, दिल्या. मग म्हणाली, कुठला माल कुठे आहे तेवढं लिहून द्याल का, सर? मी नुसता हसलो. चार हजार वस्तू, सगळ्या माझ्या डोक्यात. किल्ल्या दिल्या, डोकं घरी घेऊन आलो.

अंदाज : आठ दिवसांत फोन येईल. पहिला फोन उचलायचा नाही. दुसऱ्याला म्हणायचं, बिझी आहे.

१ ऑगस्ट, दुपार
घरातही शत्रू आहेत. समारंभात मिळालेल्या घड्याळाचं पॅकिंग उघडायचं होतं. ही म्हणाली, जरा कात्री आणा. मी तिन्ही खोल्या पालथ्या घातल्या. तेवढ्यात हिने ते दातांनी उघडलं आणि चिरंजीवांना म्हणाली (हळू, पण मला ऐकू येईल इतपतच हळू), जन्मभर लोकांचे नटबोल्ट सांभाळले, घरातली कात्री सापडत नाही. चिरंजीव हसले. सव्वीस वर्षांचा घोडा, माझ्याच घरात बसून लॅपटॉपवर नोकरी करतो आणि मलाच हसतो.

ठराव : तीस दिवसांत या घराचं स्टोअर करायचं. असं, की सुई हवी असली तरी माझ्याकडे यावं लागेल. दोघांनाही. रांगेत. हसायला बंदी.

३ ऑगस्ट
सर्व्हे पूर्ण. जागा : बाथरूमवरचा माळा, पलंगाचं पोट, बाल्कनीतलं लोखंडी कपाट, ओट्याखालचे कप्पे, चपलांच्या स्टँडची मागची बाजू.
माल : नेलकटर सहा, सगळे बोथट. झाकणं एक्केचाळीस, त्यांना बसणारे डबे सतरा. बॅगेत बॅग, तिच्यात बॅग, तिच्यात पिशव्या, आणि पिशव्यांत आणखी पिशव्या. सगळा हिचा कारभार. टीव्ही, मिक्सर वगैरेंचे रिकामे खोके अकरा. ते माझे आहेत, पण तो पसारा नव्हे. वस्तू परत करायची वेळ आली तर लागतात. टीव्हीला चौदा वर्षं झाली, अजून वेळ आलेली नाही, एवढंच.

५ ऑगस्ट
सगळं बाहेर काढून हॉलमध्ये मांडलं. पहिली पायरी अशीच असते. ही म्हणाली, कधी उचलणार? म्हटलं, दुपारपर्यंत.

९ ऑगस्ट
हॉलमध्ये अजून थोडं काम बाकी आहे. सोफा कुठल्या भिंतीला होता, यावरून घरात मतभेद. चिरंजीवांची ऑफिसची मीटिंग चालू असताना मागे बादल्यांचा ढीग कोसळला. त्यांच्या साहेबाने विचारलं म्हणे, घर बदलताय का? मी मनातून खूश. भोगा.

आठ दिवस झाले. कारखान्यातून फोन नाही. बहुतेक माझा नंबरच शोधत असतील. तोही माझ्याच टेबलाच्या खणात होता, आणि खणात काय आहे ते मीच सांगू शकतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. (म्हणीचा अर्थ घ्यायचा. गाढव कोण, ते बघायचं नाही.)

१४ ऑगस्ट, सकाळी १०.१५
आज मास्टरस्ट्रोक. डब्यांवर नावं लिहायची नाहीत! नाव लिहिलं की कोणीही वाचतो आणि घेतो. मग स्टोअरकीपर कशाला? प्रत्येक डब्याला कोड दिला. म-२-०७, प-१-१३ असे. कुठल्या कोडात काय, ते फक्त माझ्या खिशातल्या डायरीत. हिला समजावलं की चोर आला तरी त्याला काही सापडणार नाही. ही म्हणाली, चोराचं जाऊ द्या हो, मला हळद कशी सापडेल?
विचार, म्हटलं. विचारलंस की सापडेल.
कडवट तोंड करून गेली. पहिला विजय.

२० ऑगस्ट
स्टोअर आजपासून सुरू. वेळ सकाळी ९ ते १०, संध्याकाळी ४ ते ५. वस्तू, नग आणि कारण लिहून चिठ्ठी द्यायची. कारखान्याचा नियम इथेही लागू : जुनं जमा केल्याशिवाय नवीन मिळणार नाही. साबण हवा तर साबणाचा तुकडा आणा. पेस्ट हवी तर रिकामी ट्यूब.

चिरंजीव ९.५८ला ट्यूब घेऊन आले. मी ती दाबून पाहिली. पुढे दोन दिवस चालेल एवढी पेस्ट निघाली. परत पाठवलं. जाताना काहीतरी पुटपुटले. हसले मात्र नाहीत! कात्रीचा हिशेब अर्धा चुकता झाला.

ही पुसायच्या फडक्यासाठी आली. जुनं फडकं आणलं नव्हतं. म्हणाली, फाटून गेलं, टाकलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग तिने शांतपणे माझा जुना बनियन फाडला आणि त्याने ओटा पुसला. तो बनियन स्टॉकमधून कमी केला. कारण : 'वापरात नष्ट'.

२६ ऑगस्ट
स्टिकर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर कारखान्यातला जुना फिटर भेटला. अगदी सहज विचारलं, स्टोअरचं कसं काय? म्हणाला, मस्त चाललंय साहेब, बाईंनी सगळ्या रॅकवर नावं लावलीत, ज्याला जे पाहिजे ते तो घेतो आणि वहीत लिहितो. पूर्वी बेअरिंगसाठी अर्धा दिवस बसावं लागायचं.
म्हणजे बेशिस्तीचा कळस! कोणीही जातो, कोणीही घेतो. असं स्टोअर महिनाभरसुद्धा टिकायचं नाही. फिटरला चहा पाजला. बिचाऱ्याला काय येणार आहे त्याची कल्पना नाही.

नवा अंदाज : १५ सप्टेंबर. साहेब स्वतः येतील. नाक घासत. माझ्या अटी : दुपारी दोनपर्यंत काम, वेगळी खुर्ची, आणि संगणकबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारायचं, सर, हे कुठे आहे?

३ सप्टेंबर
घरात शिस्त येत आहे. पहिल्या पाच दिवसांत चिठ्ठ्या एकोणीस. पुढच्या पाचांत सहा. शेवटच्या पाचांत एक, आणि तीही माझीच (दाढीचं ब्लेड). खप इतका कमी झाला की कारखान्यात बक्षीस मिळालं असतं. गेले नऊ दिवस मी साखर दिलेली नाही, तरी चहा चांगला गोड लागतो. हिला काटकसर जमायला लागली. नियम केला की माणूस सुधारतो.

ही आताशा माझ्याशी भांडतही नाही. घाबरली असावी.

११ सप्टेंबर, संध्याकाळी ४.३०
स्टोअर उघडून बसलो आहे. कोणी आलं नाही. बेसिनवर नवा साबण दिसला. मी दिलेला नाही. वासही वेगळा. हिला विचारलं तर म्हणाली, पाहुण्यांनी आणला असेल. पाहुणे कधी आले होते, ते आठवत नाही, पण हल्ली मी दिवसभर माळ्यावर असतो.

चिरंजीवांच्या फोनवरून माझ्या फोनला कॉल करून पाहिला. वाजतो. म्हणजे बिघाड फोनमध्ये नाही.

१६ सप्टेंबर
काल साहेब आले नाहीत. मी इस्त्रीचा शर्ट घालून सहा वाजेपर्यंत बसलो होतो. हिने विचारलं, कुठे जायचंय का? म्हटलं, नाही, लोक यायचेत. तिने दोन कप चहा जास्त टाकला. तो आम्ही दोघांनीच संपवला.

त्यांचा माज अजून उतरलेला नाही. ठीक आहे. माझ्याकडे वेळच वेळ आहे. आता दोनपर्यंत नाही, बारापर्यंतच काम करीन. जितका उशीर, तितक्या अटी कडक.

२२ सप्टेंबर, सकाळी ११.०५
आला! आला! फोन आला!
पहिला उचलायचा नाही असं ठरवलं होतं, पण हात घसरला. संगणकबाईच होती. म्हणाली, सर, तुम्हाला त्रास देते, पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, उद्या येऊ शकाल का?
तुमच्याशिवाय! तिच्याच तोंडून!
म्हटलं, उद्या जरा गडबडीत आहे, पण अकराला जमवतो. हिला सांगितलं की बघ, शेवटी नाक घासत आलेच. चिरंजीवांनाही सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मत्सर, दुसरं काय!

दुपारभर बोलायची तयारी केली. आधी गप्प बसायचं. मग एक सुस्कारा. मग म्हणायचं, मी तेव्हाच सांगणार होतो.

२३ सप्टेंबर, सकाळी ९.३०
तयार. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन दोन. घरच्या स्टोअरला सुट्टी जाहीर केली. कोणी हरकत घेतली नाही.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
गेटवर नवा वॉचमन. कोणाकडे काम आहे, म्हणाला. सही करून पास घेतला.

स्टोअरमध्ये दिवे जास्त लावले आहेत. प्रत्येक रॅकवर मोठ्या अक्षरांत नावं. एक मुलगी आली, वॉशर घेतला, वहीत लिहिलं आणि गेली. पुरतं अर्धं मिनिटसुद्धा नाही लागलं. मी ठरल्याप्रमाणे गप्प बसलो. सुस्काराही टाकला. संगणकबाईंनी चहा मागवला आणि टेबलाखालून एक खोका काढला. त्यात एक उशी, हातरुमाल, भिंतीचा छोटा आरसा, तेलाची बाटली आणि चष्म्याची एक काडी. म्हणाल्या, सर, आता प्रत्येक वस्तू यादीत चढवायची आहे, आणि हे यादीत कुठेच बसत नाही. तुमचं असेल असं वाटलं. टाकून द्यायला जीव होईना. न्याल का? ती जागाही लागणार आहे.

माझंच होतं. दुपारी दहा मिनिटं डोळे मिटायला उशी लागायची.

मीच विचारलं, काही अडलं नाही का मध्ये? चांगल्या मनाची बाई आहे, हे मान्य करायला हवं. जरा विचार करून म्हणाल्या, पहिले सहा दिवस अडलं, सर. मग आम्ही सगळे खण उघडून पाहिले आणि नावं लिहिली.
सहा दिवस. माझ्या डोक्यात एकतीस वर्षं होती, ती त्यांनी सहा दिवसांत खाली उतरवून घेतली.

अटी सांगितल्या नाहीत. खोका घेऊन बाहेर पडलो. वॉचमनने गेटवर तो उघडून पाहिला. आरसा बाजूला करून उशीही दाबून पाहिली. सामान बाहेर नेताना तपासायचं, हा नियम मीच केला होता.

घरी आलो. हिने खोका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडलो असतो. बरं वाटलं असतं.

डोकं ठणकत होतं. गोळीचा कोड आठवेना. डायरी काढली, पण अक्षर दिसेना, डोळ्यांत पाणी येत होतं. डोकं दुखलं की येतं. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हिला विचारलं, डोक्याची गोळी कुठे आहे गं?
हिने मान वर न करता सांगितलं, शिवणमशीनच्या डावीकडच्या खणात.

ती जागा माझ्या सर्व्हेत नव्हती. मशीन म्हणजे मशीन, असं मी समजलो होतो. खण ओढला. गोळ्या, साबण, पेस्ट, बल्ब, दोरा. छोटे छोटे डबे, प्रत्येकावर हिच्या अक्षरात नाव. चिरंजीवांच्या चार्जरचंसुद्धा. एका डब्यावर माझं नाव होतं, त्यात ब्लेडं. म्हणजे मला लागतील तेव्हा असावीत म्हणून आणून ठेवलेली.

आतून ही विचारत होती, सापडली का?
सापडली, म्हटलं. हात घातल्याबरोबर सापडली, हे मात्र तिला सांगितलं नाही.