कोरे सोडलेले अकरा गोल

बाबा, आज दुपारी पोरीच्या अभ्यासाची रद्दी काढली. एका बाजूनं कोरे असलेले कागद मी वेगळे ठेवत होते; मागच्या बाजूवर किराण्याची यादी होते, ही तुमचीच सवय. त्यात सरकारी नोकरीसाठी तिनं दिलेल्या शेवटच्या पूर्वपरीक्षेची प्रश्नपुस्तिका हाती आली आणि मग रद्दी तशीच पसरून राहिली. तुम्ही गेलात तेव्हा ही माझ्या कडेवर होती, दोन वर्षांची. तुम्ही तिला आठवत नाही, पण तुमची कन्हानची गोष्ट तिला तोंडपाठ आहे. मीच सांगितली ना, हजारदा.

तुम्ही खदानीच्या दवाखान्यात कंपाउंडर, मी आठ-नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन आलेली. खिडकीबाहेर रांग. सगळ्यांत पुढे एक बाई, खांद्यावर तापानं फणफणलेलं लेकरू. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय खरडलं ते अक्षर तुम्हाला लागत नाही आणि डॉक्टर जेवायला बंगल्यावर गेलेले. तुम्ही चिठ्ठी उजेडात धरता, तिरपी करता, पुन्हा सरळ करता. मागून एक जण ओरडतो, "काहून गा कंपाउंडर, शाळेत गेलता का नाही?" रांग हसते. मला लाज वाटते, मी हळूच म्हणते, "बाबा, ते लालवालं औषधच असंल. सगळ्यांले तेच तं देता तुम्ही." तुमचा आवाज तेव्हा चढला नव्हता, पण मला अजून ऐकू येतो. "असंल म्हणून बाटली उचलत नाही वं. माहीत असंल तर उचल, नाही तर हात खाली." आणि भर उन्हात सायकल काढून बंगल्यावर गेलात. रांग शिव्या घालत राहिली. परत आलात, आणि उचललीत ती दुसरीच बाटली होती. त्या दिवसापासून माझ्यासाठी देवाच्या खालोखाल तुमचा शब्द.

आता तुमच्या नातीचं ऐका. एकदा स्वयंपाकघरात माझ्यासोबत मटार सोलता सोलता ती मला पेपर सोडवायची रीत समजावून सांगत होती. "आई, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत जे पक्कं येते तेवढंच करायचं. दुसऱ्या फेरीत चारपैकी दोन पर्याय कापता आले तर उरलेल्या दोनात एक निवडायचा. जिथं काहीच कापता येत नाही तिथं हातच नाही लावायचा. आणि 'फक्त' नाही तं 'सर्वच' लिहिलेला पर्याय दिसला का आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा. सर्वच असं जगात काही नसते."

"तुझे बाबा सर्वच भाज्यांले नाक मुरडते, ते?"

"तो प्रश्न रद्द, आई."

किती हसलो आम्ही. मग मी विचारलं, "म्हणजे दोनात तुक्काच मारायचा ना?" तर म्हणाली, "तुक्का नाही वं आई, अर्धं तं माहीत असते." चुकलं की पाव गुण कापतात, तो हिशोब मी मटार सोलतानाच मनात केला. असे चार प्रश्न, दोन बरोबर, दोन चूक, तरी दीड गुण पदरात. मला कळलं होतं, बाबा. मी मॅट्रिकच असले तरी घरखर्चाची वही इतकी वर्षं मीच लिहिते; पाव आणि दीड मला कळतात. तरी मन मानेना. आदल्या वर्षी तिनं शेवटच्या दहा मिनिटांत घाबरून उरलेले सगळे गोल रंगवले होते आणि त्यातच बुडाली होती. तो प्रयत्न शेवटचा, नाही झालं तर मिळेल ती नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि तिला देवासमोर उभं केलं. म्हटलं, जे पक्कं येत नाही ते कोरं सोडशील, शब्द दे.

"आई, आबांचं ते दवाखान्यातलं होतं."

"खरं ते सगळीकडं खरंच असते."

तिनं दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाली, "बरं. हात खाली."

निकाल लागला तेव्हा इतकंच म्हणाली, "थोडक्यात गेलं, पाच गुणांनी." आणि मी, तिची आई, तिच्या पाठीवरून हात फिरवत काय म्हणाले? "जाऊ दे, तुक्के मारून तं नाही ना नापास झाली." महिनाभरानं वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागली. दिवसभर ट्रकमागून ट्रक, ही त्यांच्या मालाच्या पावत्या, बिल्ट्या, बनवते.

आज पुस्तिका उघडली तर आत तिच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत, तीत अकरा प्रश्नांचे गोल कोरे, आणि पुस्तिकेत त्याच अकरा प्रश्नांच्या एकेका पर्यायाशेजारी पेनाचा अगदी बारीक ठिपका. तिनं मनात निवडलेलं उत्तर, जे तिनं रंगवलं नाही. पाठीमागे उत्तरतालिका घडी करून ठेवलेली होती. मी एकेक ठिपका ताडून पाहिला. दोनदा पाहिला. आठ बरोबर होते. चुकलेल्या तिन्हींचे कापले असते तरी पोरगी पार होत होती. उत्तरतालिका तिचीच, म्हणजे तिला हे दीड वर्षापासून माहीत आहे. माझ्या तोंडावर एकदाही बोलली नाही. रोज डबा घेऊन निघताना देवाला हात जोडते, मला म्हणते, येतो आई.

बाबा, तुमचा शब्द बाटलीसाठी होता. चुकीची बाटली गेली तर लेकरू जाते. चुकीच्या गोलानं पाव गुण जातो. एवढा फरक मला कळू नये? कळत होता. मटार सोलतानाच कळला होता. पण मी तिला देवासमोर बांधून घातलं, आणि ती सुटली नाही.

सातला ती येईल. आज तिला सांगायचं आहे की ठिपके मी पाहिले. सांगवेल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, त्या पुस्तिकेतच घडी घालून ठेवीन. तिला सांगायच्या आधी तुम्हाला एक सांगणं भाग आहे. माझा मॅट्रिकचा निकाल लागला, शास्त्रात काठावर पस्तीस. आपल्या घरात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून तुम्ही पेढे वाटलेत, मला शाईचं पेन आणलंत, त्याला कुंकू लावलंत आणि विचारलंत, "जे लिहिलं ते येतच होतं ना वं?" मी पेनाकडे पाहत हो म्हटलं. शास्त्राच्या पेपरात 'योग्य पर्याय निवडा', यातले तीन मला येत नव्हते. तिन्ही ठिकाणी देवाचं नाव घेऊन मी 'ब' लिहिला होता.